‘आम्ही काय पगार घेतो का?’

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घेणं गृहनिर्माण सोसायट्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या दोन रविवारी ठाणे-डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत जिथे बघावं तिथे पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. नोटिशीत वेळ सकाळी दहाची असते. गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासानं तहकूब सभा त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची गरज राहणार नाही, अशी एक ओळही खाली असते. अख्ख्या नोटिशीतली ही एकच ओळ सगळ्यांनी नीट वाचलेली असते, त्यामुळे साडेदहाच्या आत कोणी खाली उतरत नाही. मग हिशेबावर दोन प्रश्न, पाण्यावर पाच, पार्किंगवर पंचवीस. कुणीतरी आवाज चढवतो. सेक्रेटरी फाइल मिटतो आणि म्हणतो, “आम्ही काय पगार घेतो का?”

त्यावर सभा गप्प होते. खरं तर वाद तिथून सुरू व्हायला हवा.

कारण पगार न घेण्याचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं लावतात. कमिटीच्या मते त्याचा अर्थ, आम्हाला जाब विचारायचा नाही. सभासदांच्या मते, फुकट कोण राबतं हल्ली, म्हणजे रंगकामात किंवा टाकीच्या कामात कुठेतरी पाणी मुरतंय. एका बाजूला उपकाराची भाषा आणि दुसऱ्या बाजूला संशयाची, यांत हिशेबाची भाषा कुठेच राहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की सोसायटीचं काम ही समाजसेवा आहे हा समज आपण सोडून द्यावा. त्यात सेवा किती, कारकुनी किती आणि सत्ता किती, हे वेगळं करून बघावं. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवून वर ‘मानद’ अशी पाटी लावल्यामुळेच आपल्याकडे कमिटीत जायला कोणी तयार नसतं, आणि जो जातो तो उठत नाही.

आधी कारकुनीचं बघू, कारण कमिटीवर कधीच न गेलेल्या माणसाला तिचा अंदाज नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर वॉचमन, लिफ्ट आणि पाण्याची टाकी असते. पण महाराष्ट्रातली सोसायटी, वीस बिऱ्हाडांची का असेना, 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली संस्था असते आणि तिला दप्तर ठेवावंच लागतं. ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातल्या सभासद नोंदवह्या, शेअर सर्टिफिकेटं, नॉमिनेशनची नोंद, कमिटीच्या सभांचं वेगळं आणि सर्वसाधारण सभेचं वेगळं इतिवृत्त. दरवर्षी ऑडिट, ऑडिटरनं काढलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल ‘ओ’ नमुन्यात, सहकार खात्याच्या निबंधकाकडे ऑनलाइन विवरणपत्रं. कंत्राटदाराचं बिल दिलं की टीडीएस. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर आणि दरमहा मेंटेनन्स साडेसात हजारांच्या वर गेला की जीएसटी. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं लायसन्सधारक एजन्सीचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र जानेवारीत एकदा आणि जुलैत एकदा. लिफ्टची तपासणी आलीच. बिल्डरनं जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे सोसायटीच्या नावे मालकीचं हस्तांतर, करून दिलेलं नसेल, आणि बहुतेकदा नसतंच, तर बिल्डरला वगळून ते सरकारकडून करून घ्यायचं डीम्ड कन्व्हेयन्सचं प्रकरण. त्याची तरतूद कायद्यात 2008 मध्ये आली, तरी असंख्य सोसायट्यांच्या कपाटात ती फाइल अजून अर्धवटच आहे.

हे सगळं कोण करतं? साधारणपणे बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक काका. त्यांना मसुदा लिहिता येतो, ऑफिसात खेटे घालायची सवय असते आणि दुपारी वेळ असतो. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं की सोसायटीचं दप्तर तीन महिने बंद. कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच असते.

यात जोखीमही कमी नाही. कमिटीच्या हलगर्जीपणामुळे संस्थेचं नुकसान झालं, तर ते भरून देण्याची जबाबदारी कमिटीच्या सदस्यांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या येते, असं उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नियम, सांगतात. निवडून येताना हे किती जणांनी वाचलेलं असतं? ज्या काकांना आपण हात धरून खुर्चीत बसवतो, त्यांच्या पेन्शनवर ही टांगती तलवार आहे, हे आपण त्यांना सांगतही नाही.

कारकुनी निदान कागदावर तरी असते. खरा जीव जातो तो माणसांमध्ये. लीकेजचंच घ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या छताला ओल धरते, पोपडे सुटतात. तिथल्या काकू सेक्रेटरीला बोलावून स्टुलावर उभं करतात आणि “हात लावून बघा” म्हणतात. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर जातो. तिथे दार अर्धंच उघडतं. “आमच्याकडे सगळं कोरडं आहे. बाहेरचा पाइप गळत असेल, तो सोसायटीचा.” उपविधींत याचं उत्तर आहे. पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीनं बघायची, घराच्या आतली ज्यानं त्यानं. पण पाणी नेमकं कुठून येतंय हे कळल्याशिवाय उपविधीचा काय उपयोग? मग प्लंबर बोलावायचा, वरच्या बाथरूमची जाळी बोळ्यानं बंद करून लादीवर पाणी साठवायचं आणि खाली ओल वाढते का ते चोवीस तासांनी बघायचं. वरच्या घरात चार माणसं. ती अंघोळीला कुठे जाणार? शिवाय लादी फोडायची म्हटली की तशी टाइल आता बाजारात मिळत नाही. तीन महिने हे चालतं. शेवटी दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत आणि दोघंही सेक्रेटरीशी बोलत नाहीत. त्याच्या बायकोला मंगळागौरीचं बोलावणं येत नाही ते वेगळंच.

थकबाकीचंही तसंच. थकबाकीवर सरळव्याजानं 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावायची मुभा सरकारनं नमुना म्हणून दिलेल्या 2014 च्या आदर्श उपविधींनी दिली. निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवायला सहकारी संस्था अधिनियमात आधी 101 वं कलम होतं, आता 154ब-29 आहे. कागदावर सगळी आयुधं आहेत. पण ज्याच्याविरुद्ध दाखला मागायचा, त्याच्याबरोबर रोज सकाळी लिफ्टनं खाली उतरायचं असतं. बँकेचा वसुली अधिकारी कर्जदाराच्या मजल्यावर राहत नाही. म्हणून थकबाकी साठत जाते आणि नियमानं भरणारे तीस जण न भरणाऱ्या तिघांचा बोजा उचलतात.

आता सत्तेकडे येतो. या बाजूबद्दल आपण फारसं बोलत नाही, कारण काकांविषयी आपल्याला सहानुभूती असते. मलाही आहे. पण फुकट काम करणाऱ्याला मोबदला हवाच असतो, आणि पैशात मिळाला नाही तर तो अधिकारात घेतला जातो. भाडेकरूचं उदाहरण बघा. आपला फ्लॅट भाड्यानं द्यायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, एवढंच आदर्श उपविधींना अपेक्षित आहे. प्रत्यक्षात किती सोसायट्यांत भाडेकरूची ‘मुलाखत’ होते? लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का, आडनाव काय, घरी रात्री उशिरा कोण येतं? एकट्या मुलीला किंवा मुसलमान कुटुंबाला ‘कमिटीला चालणार नाही’ हे दलालच परस्पर सांगून टाकतो. कमिटीनं तसा ठराव केलेला नसतो, करूच शकत नाही. तरी ते ‘चालत’ नाही. राहत नसलेल्या मालकाकडून ना-वापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा सरकारी आदेश 2001 पासूनचा आहे. फ्लॅट विकताना ट्रान्स्फर प्रीमियम मोठ्या शहरांतही पंचवीस हजारांच्या वर नाही, हाही त्याच वर्षीचा. तरीही ‘बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी’ या नावाखाली काय चालतं ते फ्लॅट विकणाऱ्याला विचारा.

आणि इमारत पुनर्विकासाला निघाली की या मानद मंडळींच्या सहीला कोट्यवधींची किंमत येते. त्याच अधिनियमाच्या कलम 79अ खालच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी एकूण सभासदांच्या 51 टक्के संमती पुरेशी ठरवली. त्या सभेचं चित्रीकरण करायला सांगितलं आणि कमिटी सदस्य किंवा त्याचा नातेवाईक विकासक असू नये असंही बजावलं. असे नियम करावे लागले, याचा अर्थ उघड आहे. जो माणूस काल टाकी धुण्याचं कोटेशन मागवत होता, त्यानं आज वकील, वास्तुविशारद आणि प्रकल्प सल्लागार निवडायचा असतो. प्रामाणिक असला तरी तो गांगरतो. आणि नसला तर?

या व्यवस्थेचं मूळ फार वेगळ्या परिस्थितीत आहे. मुंबईत गावदेवीला 1915 मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे रावबहादूर तालमकी होते. ताडदेवची तालमकीवाडी आजही त्यांचं नाव सांगते. तेव्हाची सोसायटी म्हणजे एकमेकांना आधीपासून ओळखणाऱ्या, बहुधा एकाच ज्ञातीतल्या, बेताच्या पगाराच्या माणसांनी मिळून केलेली घराची सोय होती. तिथे मानद काम शोभत होतं, कारण काम थोडं होतं आणि भरवसा आधीच होता. आपण ज्या सोसायटीत राहतो ती बिल्डरनं विकलेल्या फ्लॅटांतून तयार होते. शेजारी कोण, हे चावी मिळेपर्यंत माहीत नसतं. संस्था सहकारी, पण सभासद फ्लॅट घेतला म्हणून आपसूक झालेले. माणसं पूर्णपणे बदलली, कामाची रीत मात्र तीच राहिली.

म्हणून स्वयंसेवी कमिट्या मोडीत काढा, असं मी म्हणत नाही. हल्ली असा सूर ऐकू येतो: सगळं एखाद्या मॅनेजमेंट कंपनीला देऊन टाका, नाहीतर सरकारनं प्रशासक नेमावा. मोठमोठ्या टाउनशिपमध्ये कंपनी असतेच. पण तिथल्या रहिवाशांना विचारा. लिफ्ट वेळेवर दुरुस्त होते, हिशेब ॲपवर दिसतो आणि कंत्राट कोणाला दिलं हे मात्र कोणालाच ठाऊक नसतं. प्रशासकाचा अनुभव तर असा, की तो नवीन काही करत नाही, कारण त्याला तिथे राहायचं नसतं. राहणाऱ्यांनीच निर्णय घेण्यात जी ताकद आहे ती पैसे देऊन मिळत नाही. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला गॅरेज म्हणून वेगळं विकता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आज प्रत्येकजण सांगतो. तो दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणातला आहे. बिल्डरविरुद्ध एवढी वर्षं कोर्टात टिकून राहायला तिथे राहणारी माणसंच लागतात, नेमलेल्या मॅनेजरला ते कशाला पडलंय?

तेव्हा निर्णय कमिटीचे राहू द्यावेत आणि कारकुनी पैसे देऊन करून घ्यावी. दप्तर, बिलं, स्मरणपत्रं, प्रमाणपत्रांच्या तारखा, प्लंबरच्या मागे लागणं, लीकेजची पहिली पाहणी या कामांना पगारी माणूस ठेवावा. अगदी थकबाकीचं पहिलं पत्रही त्याच्याच सहीनं जावं, म्हणजे लिफ्टमधली सकाळ थोडी बरी जाईल. कमिटीनं तीन कोटेशनं उघडावीत, चेकवर सही करावी, नाही म्हणायचं तिथे नाही म्हणावं आणि त्याचं कारण इतिवृत्तात लिहावं. एवढं काम नोकरी करणारी तिशीतली मुलगीही महिन्यातून एका संध्याकाळी करू शकते. आज ती येत नाही, कारण तिला वाटतं, आणि बरोबरच वाटतं, की यात अडकलं की सुटका नाही. कमिटीत बायकांसाठी जागा राखीव आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या कागदावर बायको आणि सभेला नवरा अशा भरलेल्या असतात. काम आवाक्यातलं झालं तर बायका स्वतः येतील.

पदाधिकाऱ्यांना मानधन द्यावं का? आदर्श उपविधींत नफ्यातून मानधनाची सोय आहे, सर्वसाधारण सभेनं ठरवावं लागतं. मी विरोधात आहे, पण नैतिक कारणानं नव्हे. वर्षाला दहा-बारा हजार मानधन देऊन कारकुनी कमी होत नाही आणि ‘पगार घेता ना मग’ म्हणायला सगळे मोकळे होतात. त्यापेक्षा लागोपाठ दुसऱ्यांदा त्याच पदावर कोणी राहायचं नाही, असा ठराव करावा. कमिटीची मुदत पाच वर्षांची असते, तेवढी भरपूर झाली. सेक्रेटरीपद सोडलेला माणूस खाली खुर्चीत बसून नव्या सेक्रेटरीला प्रश्न विचारतो तेव्हा ते प्रश्न नेमके असतात, कारण कुठलं बिल कुठे लपतं हे त्याला ठाऊक असतं.

थोडा हिशेब सरकारकडेही मागायला हवा. सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण 2019 मध्ये आलं, ते चांगलंच झालं. त्याआधी वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीला साखर कारखान्याच्याच मापानं मोजलं जात होतं. अडीचशेपर्यंत सभासदांच्या संस्थांना आपली निवडणूक आपणच घेता येऊ लागली, हा दिलासा मोठा होता. पण लहान संस्थेच्या दप्तराचं ओझं फारसं उतरलं नाही. प्रशिक्षणाची सक्तीही कायद्यात आहे: कमिटीच्या प्रत्येक सदस्यानं सहकारी शिक्षण घ्यावं, असं कलम 24अ सांगतं. शिक्षण निधीपोटी फ्लॅटमागे दरमहा दहा रुपये आपण भरतही आलो. त्या दहा रुपयांचं शिक्षण कुणाकुणाला मिळालं, हे आपापल्या कमिटीला विचारून बघा. सदस्य निवडून आल्याच्या पहिल्या महिन्यात, रविवारी, मराठीत, दोन तासांचा वर्ग प्रभागातल्या शाळेत झाला तरी निम्मे तंटे उपनिबंधकाच्या टेबलापर्यंत जाणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

आक्षेप खर्चाचा येईल. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीनं महिन्याला सोळा हजारांत अर्धवेळ माणूस ठेवला तर फ्लॅटमागे चारशे रुपये पडतात. सेवाशुल्क फ्लॅटच्या आकारावर नाही तर समान वाटायचं असतं, म्हणून वन बीएचकेवाल्यालाही चारशेच. काहींना ते जड जातील हे मान्य. पण न केलेलं ऑडिट, बुडालेली थकबाकी, दंड आणि वेळेवर न झालेलं वॉटरप्रूफिंग यांची बेरीज कोणी करत नाही. ती मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीत एकदम समोर येते, आणि तेव्हा फ्लॅटमागे लाखाची भाषा असते.

बारा-सोळा फ्लॅटच्या जुन्या इमारतींना मात्र एकटीला हे परवडणार नाही, आणि आपल्या शहरांत अशाच इमारती गल्लोगल्ली आहेत. त्यांनी आठ-दहा सोसायट्यांत मिळून एक हिशेबनीस आणि एक देखभालीचा माणूस ठेवावा. मोलकरीण दहा घरची कामं करते, वॉचमन दोन बिल्डिंगींचा पंप चालू करतो, इस्त्रीवाला अख्खी गल्ली सांभाळतो. दप्तरालाच प्रत्येकीचा वेगळा काका कशाला लागतो? आजघडीला एका गल्लीतले सेक्रेटरी एकमेकांना ओळखतात ते टँकरवाल्याच्या नंबरापुरते. तो नंबर मे महिन्यात ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, त्याच ग्रुपवर जूनमध्ये हिशेबनिसाचाही विषय काढता येईल.